तातोबानं बघितलेला गोल

तातोबा, भांडण अर्धं टाकून जायची तुझी रीत नव्हती. लाल मातीतली कुस्ती असो नाहीतर तोंडाची लढाई, निकाल लागल्याबिगर तू कधी मैदान सोडलं नाहीस. मग हे काय केलंस रं? मागल्या खेपेला तुझ्या गुऱ्हाळावर गुळाच्या काहिलीशेजारी बसून आपण एकमेकांवर ओरडलो. पारूवहिनींनी मध्ये पडून दोघांच्या हातात रसाचे पेले कोंबले, आणि तू म्हणालास, "खंडू, म्होरल्या खेपंला ये, तवा तुला पटवूनच देतो." म्होरली खेप आली. दहिवडीहून दोन एसट्या बदलून मी आलो. तर तूच नाहीस. गुऱ्हाळावरून घरी आलास, पाणी मागितलंस, आणि ते प्यायच्या आत गेलास म्हणे. एवढी घाई तुला आयुष्यात जेवणाची सोडून दुसऱ्या कशाची नव्हती.

लिहायला बसलो की माझी भाषा मास्तरासारखी होते, त्याला हसू नकोस. पलटणीत तुझी पत्रं मीच लिहायचो. "लय आठवण येती" असं तू सांगायचास आणि मी "तुमची फार आठवण येते" असं लिहायचो. वहिनी शेजारणीला म्हणायच्या, "हे ह्यांचं बोलणं न्हवंच." तर हेही तसंच समज.

तुझं वय, तुझा हुद्दा, तू किती कुस्त्या मारल्यास, ते सगळं तालमीतल्या पोरांनी फळ्यावर लिहिलंय. निम्मं चुकीचं आहे, पण राहू दे. मला त्या गोलाविषयी बोलायचंय. जो मी म्हणतो तू बघितलाच नाहीस, आणि तू म्हणतोस बघितला.

आमच्या माण तालुक्यात फुटबॉल कुठला? मेंढरं, कुसळं आणि रानोमाळ पळणं. तेवढ्या पळण्यावर पलटणीत साहेबानं मला सेंटर हाफला उभा केला आणि मला माझं दैवत सापडलं. एकदा देशाच्या संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं. अंगात वारं भरल्यागत गेलो, आणि आठवड्याच्या आत गुडघा गेला. संघ परदेशी खेळायला निघाला तेव्हा मी पाय टांगून इस्पितळात पडलो होतो. तू भेटायला आलास आणि माझ्या वाटणीची केळी खाऊन गेलास. त्या दिवशी मी तुला म्हणालो होतो, "खेळायचं गेलं. पण एकदा तरी आपली पोरं परक्या मुलखात जिंकताना ह्या डोळ्यांनी बघायची हायत." तू केळ्याची साल खाटेखाली टाकत म्हणालास, "बघू की."

पेन्शनीवर गावी आलो तर फुटबॉल हा शब्द कळणारा माणूस सगळ्या तालुक्यात नाही. रेडिओच्या बातम्यांत अगदी शेवटी एखादं वाक्य यायचं, तेही हरल्याचं. त्या एका वाक्यासाठी मी मेंढरं जाळीच्या वाघरात कोंडून, रेडिओ कानाला लावून बसायचो. आमची ही म्हणायची, "आवं, हरल्यालं ऐकाया इतकी गडबड कशाला?"

तुला तर फुटबॉल शेवटपर्यंत कळला नाही. पलटणीच्या सामन्याला यायचास, आणि मध्यांतर झालं की जेवणाच्या रांगेत पहिला. वर मलाच विचारायचास, "पाठ कुणाची लागली ते सांग, बाकीचं ऱ्हाऊ दे." मी समजावायला गेलो की म्हणायचास, "म्हंजे पाठ लागतच न्हाई? मग ह्यो खेळ कसला? ही तर हुतूतू बी न्हाई."

म्हणून मलेशियात ऑगस्टात स्पर्धा भरते, आपला संघ जाणार आहे, आणि मी जायचं ठरवलंय, हे जेव्हा मी तुला सांगितलं तेव्हा मला वाटलं तू पोट धरून हसशील. धाकटीचं लग्न उरकलं होतं. आमची ही अडून बसली होती की असला गुडघा घेऊन एकट्यानं समुद्रापल्याड जायचं नाही. तू दोन भाकरी संपवल्यास, तिसरी घेतलीस आणि म्हणालास, "मी हाय की संगं."

"तुला कशाला रं? तुला त्यातलं काय कळतंय?"

"माझ्या कुस्तीला हलगी कोण वाजवायचं? तुला तरी कुस्तीतलं काय कळत व्हतं?"

ते खरं होतं. पलटणीतल्या तुझ्या एकूण एक कुस्तीला हलगी माझी. कोणता डाव पडला ते मला कधीच कळायचं नाही, तू वर असलास की मी जोरात वाजवायचो. डोळ्यांतलं पाणी तुला कळू नये म्हणून मी चटणीला तिखट फार झालंय म्हणालो.

मद्रासहून बोट सुटली आणि पहिल्याच दिवशी मोठमोठ्यांना लोळवणारा कृष्णाकाठचा पैलवान डेकवर उताणा. समुद्रानं एका डावात चीतपट केला. "खंडू, हिला थांबवाया सांग रं थोडं," असं बोटीविषयी म्हणत होतास, जणू वाटेतली एसटी आहे. मी लिंबू धरून शेजारी बसलो आणि मनापासून हसून घेतलं. इतकी वर्षं तुझं अंग चेपत आलो होतो, पण तुला असा गरीब गायीसारखा पडलेला कधी बघितला नव्हता. पोट जरा थाऱ्यावर आलं की एकच चौकशी: "गठुडं हाय न्हवं?"

त्या गठुड्यात काय, ते पिनांगला कळलं. जकातीच्या साहेबानं ते सोडलं तर आत एक गुलाबी फेटा आणि शेरभर गुलाल! साहेब त्या लाल भुकटीकडं बघतो, हुंगतो, दुसऱ्याला बोलावतो. मी इंग्रजी जुळवतोय तोवर तू मूठभर गुलाल उचललास, स्वतःच्या तोंडाला फासलास, आणि त्याला खात्री पटावी म्हणून साहेबाच्या कपाळालाही लावलास. मी म्हटलं, झालं. आता इथूनच मद्रास. तर साहेबानं खिडकीच्या काचेत स्वतःला बघितलं, फसकन हसला आणि शिक्का मारला. तू मला म्हणालास, "बघ, इंग्रजी लागत न्हाई."

क्वालालंपूरला आपल्या पलटणीतल्या एका मद्राशाचा भाऊ मुत्तू इडलीचं हॉटेल चालवायचा. त्यानं आपल्याला माडीवर जागा दिली. त्याचं हिंदी आणि तुझं हिंदी, दोन्ही एकाच भट्टीतली, त्यामुळे तुमचं दोघांचं लगेच जमलं. तू सकाळी त्याची पिठाची पातेली उचलून द्यायचास आणि तो तुला इडल्या मोजून न देता ओतून द्यायचा.

पहिला सामना आपण हरलो. दुसराही हरलो. आपल्या पोरांनी एकही गोल केला नाही. समोरच्यांचा गोल झाला की तू मान खाली घालून तंबाखू मळायला लागायचास, मैदानाकडं बघायचाच नाहीस. फेटा काखेत, गुलाल खिशात, दोन्ही तसेच परत माडीवर. मी तोंड पाडून बसलो की तू म्हणायचास, "अजून एक हाय न्हवं? तिसरी कुस्ती खरी." मला तुझा राग यायचा. इतक्या लांब येऊन पुन्हा हरल्याचंच बघायचं तर आमची ही म्हणायची तेच खरं होतं. पण तू नसतास तर मी तिसऱ्या सामन्याला गेलोही नसतो, हे तुला कधी बोललो नाही. आज बोलतो.

तिसऱ्या सामन्यात समोर कोण होतं त्यांचं नाव घेत नाही. बिचाऱ्यांचं कशाला? त्यांनी आधी गोल केला. मग आपली पोरं चवताळून उठली, आणि शेवटाला थोडा वेळ उरला असताना आपल्या सेंटर फॉरवर्डनं बॉल जाळ्यात घातला. बरोबरी! मी गुडघा विसरून उभा राहिलो, ओरडलो, आणि तुला मिठी मारायला वळलो. तर शेजारची जागा मोकळी.

तू कठड्यावर होतास. कठड्यावरून मैदानात. एका हातात फेटा फडफडतोय, दुसऱ्या हातानं गुलाल उधळतोय, आणि धावतोयस थेट त्या सेंटर फॉरवर्डकडं. आता तुझाही दोष नाही म्हणा. तुझ्या मुलखात गड्यानं पाठ लावली की कुस्ती संपली; माणसं आखाड्यात घुसणार, गुलाल पडणार, फेटा बांधणार, खांद्यावर घेऊन फेरी काढणार. आपला एक गोल झाला म्हणजे सामना मारला, असंच तुला वाटलं. तू त्या पोराच्या डोक्यावर गुलाल ओतलास आणि त्याला उचलून खांद्यावर घेतलास. तो बिचारा पाय झाडतोय, रेफरी शिट्टी फुंकतोय, आणि सगळं मैदान हसून हसून लोळतंय. मी कपाळाला हात लावला.

दोन पोलीस आले. त्यात एक सरदारजी होता, तिथंच जन्मलेला. त्यांनी तुला दंडाला धरून दरवाज्याकडं चालवलं. जाता जाता तुला कळलं की खेळ तर अजून चालूच आहे. तेव्हा तू वळून माझ्याकडं बघितलंस. तातोबा, तुझं ते तोंड मी विसरलो नाही. कान धरून वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखं. आणि तू ओरडलास, "खंडू, तू बस! तू बघ! मी हाय भायेर!"

मी बसलो नाही. तुझा पासपोर्ट माझ्या खिशात होता, हे तर झालंच. पण तो नसता तरी मी उठलो असतो. सगळा जन्म ज्यासाठी घालवला ते चार पावलांवर चाललेलं, आणि मी कठड्याला धरून लंगडत बाहेर निघालो. मनातल्या मनात तुला आईमाईवरून शिव्या घालत होतो, पण पाय बाहेरच चालले होते.

दरवाज्याबाहेर तू भिंतीला टेकून उभा होतास. मला बघितलंस आणि म्हणालास, "कशाला आलास रं, गाढवा?" मी काही म्हणायच्या आत आतून आवाज उठला. असा आवाज की भिंतीवरची कबुतरं उडाली. कुणाचा गोल, काही कळेना. तू टाचा वर करून दरवाज्याच्या वरच्या फटीतून बघायला लागलास. माझी उंची तिथवर पोचत नव्हती. सरदारजी आत गेला, बाहेर आला, आणि तुझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "पैलवानजी, तुम्हारा जीत गया."

आपण जिंकलो होतो. परक्या मुलखात. आणि मी भिंतीकडं तोंड करून उभा होतो.

मी तिथंच खाली बसलो आणि रडलो. आनंदानं की रागानं, ते मलाच ठाऊक नव्हतं. तू शेजारी बसलास. उरलेला गुलाल माझ्या कपाळाला लावलास, फेटा माझ्या डोक्याला बांधायला लागलास, आणि म्हणालास, "मी बघितला, खंडू. फटीतनं. लय भारी झाला गोल. तुला सांगतो."

तिथून जे सांगायला लागलास ते सहा-सात वर्षं थांबला नाहीस. परतीच्या बोटीवर उलट्यांच्या मधल्या वेळात सांगितलास. वाईला मेव्हण्याच्या वास्तुशांतीला गेलास, तिथं घाटावर भटजींना सांगितलास. तुझा पुतण्या कुपवाडच्या कारखान्यात लागला, त्याला डबा द्यायला गेलास तर जेवणाच्या सुट्टीत दहा-वीस कामगार गोळा करून सांगितलास. आणि कुस्तीचे डाव घालून कसा सांगायचास! "कोपऱ्यातनं बॉल आला. आपला गुलाल लागलेला गडी दोघांना अंगावर घेऊन उठला. एक फुडनं, एक मागनं. त्यानं एकाला ढाकेवर घेतला, दुसऱ्याला कलाजंग दाखवला, आन् हवेतल्या हवेत फिरून डोस्क्यानं बॉल असा हाणला, असा हाणला, की जाळं फाटलं!" माणसं टाळ्या वाजवायची. तू माझ्याकडं बोट करायचास: "ह्यो व्हता शेजारी. इचारा."

आणि मी दरवेळी म्हणायचो, "लबाड हाय. आमी भायेर व्हतो." मग तुझं सुरू, "तुला दिसला न्हाई म्हणून झालाच न्हाई व्हय?" पहिलं वर्ष मी खरंच रागात होतो, खोटं कशाला सांगू? पण पुढं पुढं त्या भांडणाची मला चटक लागली. माणातून तुझ्याकडं यायला ते एक निमित्त होतं. दुष्काळात मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरलो, तुझ्या रानात बसवली, तेव्हाही चारा-पाण्याआधी आपलं हेच.

तुला एक गोष्ट मी कधी सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुत्तूनं मला हळूच बाजूला घेतलं होतं. तो शेवटपर्यंत आत बसला होता. तो म्हणाला, दुसरा गोल आपल्या कुणी केलाच नाही. समोरच्यांचाच एक बॅक गडबडला आणि बॉल स्वतःच्या जाळ्यात घालून बसला. ना ढाक, ना कलाजंग, ना कुणाचं डोकं. म्हणजे तुला फटीतून काही दिसलं नव्हतं, हे मला त्याच दिवशी कळलं. मी मुत्तूला हात जोडून म्हटलं, "तातोबाला सांगू नको. त्यानं एवढ्या हौसेनं रचलाय, त्याचा हिरमोड होईल." तर मुत्तू भट्टीला टेकून इतका हसला, इतका हसला, की डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, हा मनुष्य जरा सैलच आहे.

काल तुझ्या तेराव्याला आलो. जेवणं झाली, माणसं तालमीच्या ओट्यावर पांगली. पारूवहिनींनी मला आत बोलावलं आणि पाट दिला. म्हणाल्या, "भावजी, एक सांगायचं ऱ्हाऊन गेलं. ह्यांनी मला शपथ घातली व्हती, पर आता कुनाची शपथ?"

मी म्हटलं, "काय वो वहिनी?"

"तुमचा त्यो गोल. ह्यांना दिसला न्हवता. तुमी खाली बसून रडत व्हता तवाच त्या सरदारजीनं ह्यांच्या कानात सांगितलं म्हनं, की समोरच्यानंच सोताच्या जाळ्यात घातला. हे म्हनायचं, 'खंडूनं सगळा जलम वाट बघितली, माझ्यापायी त्येचा त्यो गोल हुकला. आन् झाला तर असला? त्येला कळलं तर त्येचं काळीज तुटंल. त्येला मी चांगला गोल करून देतो.' सकाळी उठून त्या हाटेलवाल्याचं बी पाय धरलं म्हनं, खंडूला सांगू नगंस म्हणून."

तातोबा, म्हणजे मुत्तूनं तुला दिलेला शब्द तासभरही पाळला नव्हता! मी पाटावर बसल्या बसल्या हसायला लागलो. तेराव्याच्या घरात, तुझ्या बायकोसमोर, मुत्तूसारखा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. वहिनी घाबरल्या. मग मी त्यांना माझं सांगितलं आणि त्याही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, आणि हसता हसता दोघंही रडलो. मला चांगला गोल करून देतो म्हणे! मैदानाला तू फक्त माझ्यासाठी आलास, बाहेर मी फक्त तुझ्यासाठी आलो, आणि एका नसलेल्या गोलाला आपण दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून ठेवलं. भांडण मिटलं रं गड्या. बरोबरीत सुटलं. तुला बरोबरी आवडत नाही, ठाऊक आहे, पण आता तुझा इलाज नाही.

बाहेर आलो. तुझ्या पोरानं, शंकरनं, तो गुलाबी फेटा तुझ्या तसबिरीवर घातला होता. तालमीतली पोरं कोंडाळं करून बसली होती. त्यातला एक मला म्हणाला, "हवालदार, तातोबाआण्णा तर गेलं. आता तुमी तरी खरं सांगा. त्यो गोल कसा झाला?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी दरवेळी काय म्हणतो ते त्यांना पाठ होतं. ते ऐकून हसायला तयारच बसले होते. मी घसा साफ केला. म्हटलं, "कोपऱ्यातनं बॉल आला. आपला सेंटर फॉरवर्ड उंच उठला, आणि डोक्यानं–"

"न्हाई, न्हाई!" तीन-चार पोरं एकदम ओरडली. "आधी ढाक! आण्णा आधी ढाक सांगायचं!"

"व्हय, चुकलो," मी म्हणालो. "आधी ढाक." आणि मी उभा राहिलो, मोडका गुडघा रोवला, एका पोराला ढाकेवर घेतलं, दुसऱ्याला कलाजंग दाखवला, जसा जमला तसा, आणि बॉल असा हाणला की जाळं फाटलं. आणि आईशप्पथ तातोबा, मला तो दिसला. गुलाल लागलेलं त्या पोराचं डोकं, हललेलं जाळं, सगळं. टाळ्या पडल्या.

मागं बसलेला तुझा कुपवाडचा पुतण्या म्हणाला, "म्हंजे काका, तुमी सोताच्या डोळ्यांनी बघितला?"

"व्हय," मी म्हणालो. "तातोबाच्या शेजारीच उभा व्हतो की."